पदविकेकडून पदवीकडे

दहावीचा निकाल लागला की पुढचे आठ-पंधरा दिवस आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात पालकांची रीघ लागते. मृगाची वाट पाहणारे शेतमजूर, वीटभट्टीवरून नुकतेच परतलेले दांपत्य, सुरतेहून दोन दिवसांची रजा काढून आलेला एखादा भाऊ. गुणपत्रक घडी घालून खिशात ठेवलेले असते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, पोराले अकरावीत टाकू का डिप्लोमाले?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही शिक्षकांनी गेली कित्येक वर्षे दिले आहे, पण ते कार्यालयाच्या दारात उभ्याउभ्या देण्याजोगे नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे सविस्तर मांडावे, असे संपादक मंडळाने सुचविले. इतिहासाच्या शिक्षकाने अभियांत्रिकीच्या प्रवेशाची उठाठेव का करावी, असे कोणास वाटेल. परंतु या वाटेवर अडखळलेल्या आपल्या मुलांची हकिगत आम्ही जवळून पाहिली आहे आणि तिच्यात गणिताइतकाच इतिहासही आहे.

प्रथम हिशेब पाहू. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार, अशी दहावीनंतर सहा वर्षे होतात. तंत्रनिकेतनातील पदविकेची तीन वर्षे आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी तीन, अशीही सहाच होतात. वर्ष वाचतही नाही, वायाही जात नाही. फरक आहे तो जोखमीचा. बारावीच्या वाटेवर सीईटी आडवी येते; तिच्या शिकवणीचे वर्ग अकोल्याला, छत्रपती संभाजीनगरला, आणि त्यांचे शुल्क ऐकूनच आपल्या पालकाचा चेहरा उतरतो. शिवाय बारावीनंतर पदवी मध्येच सुटली तर हाती काही उरत नाही. पदविकेच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर एक प्रमाणपत्र हाती असते, त्यावर नोकरी मिळू शकते, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागत नाही. ज्या घरात एक वर्षाचा दुष्काळ मुलाचे शिक्षण थांबवू शकतो, त्या घरासाठी मध्ये एक पायरी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अशाच एका वाटेची चर्चा चालते. तेथे कम्युनिटी कॉलेज म्हणून दोन वर्षांची महाविद्यालये असतात. शुल्क कमी, प्रवेश बहुतेक सर्वांना खुला. तेथे दोन वर्षे करून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. कॅलिफोर्निया राज्याने 1960 साली या व्यवस्थेचा बृहत् आराखडाच केला. तेथील विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एक तक्ता जवळ बाळगतो : आपण जो विषय येथे घेणार आहोत, तो पुढच्या विद्यापीठात कोणत्या विषयाच्या बदल्यात धरला जाईल? विषयाला विषय जुळला नाही तर तो पुन्हा करावा लागतो. म्हणजे तेथे बांधणी शेवटाकडून सुरू होते. आपल्याकडे असा तक्ता नाही. आपल्याकडे पदविकेची तीन वर्षे एक गठ्ठा म्हणून मोजली जातात आणि विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षात बसविले जाते. हे वरकरणी फार उदार वाटते. कोणता विषय जुळला आणि कोणता राहिला, हे विचारणारे मात्र कोणी नसते. ते विद्यार्थ्याला कळते ते तिसऱ्या सत्राच्या गणिताच्या पेपरात.

आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. पदविकेत गणित पहिल्या वर्षापुरते असते. पुढची दोन वर्षे कार्यशाळा, यंत्रे, आरेखन, प्रकल्प. पदवीचा नियमित विद्यार्थी मात्र बारावीपर्यंतचे कलन शिकून येतो आणि पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर देतो : आंशिक विकलन, बहुसंकलन, विकल समीकरणे, मॅट्रिक्स. थेट दुसऱ्या वर्षात आलेला आपला मुलगा या दोन पेपरांना मुकलेला असतो आणि त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म येते. प्राध्यापक म्हणतात, "हे तुम्ही एम-टूमध्ये केलेच आहे." वर्गातील पन्नास जणांनी केलेले असते, मागच्या बाकावरच्या सात-आठ जणांनी केलेले नसते आणि ते सांगण्याची त्यांची छाती होत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अशा विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम घ्यावेत असे महाविद्यालयांना सुचविले आहे. ते कोठे मनापासून घेतले जातात, कोठे कागदावर.

त्यातच दुसरी अडचण वेळेची. पदविकेच्या सहाव्या सत्राचा निकाल, मग नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, विकल्प अर्ज, मग कॅपच्या फेऱ्या. हे सारे आटोपून मुलगा महाविद्यालयात पोहोचतो तेव्हा तिसरे सत्र कित्येकदा सुरू होऊन गेलेले असते. गणिताची पहिली दोन प्रकरणे उरकलेली, वसतिगृहाची यादी भरलेली. पदविकेला मराठी-इंग्रजी मिश्र माध्यमात उत्तरे लिहिण्याची सोय झाली आहे, ती मुलांना फार उपयोगी पडते. पदवीच्या परीक्षेत ती आधाराची काठी एकदम हातून जाते.

आपल्या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी आम्हास या संदर्भात नेहमी आठवते. आईवडील दोघेही मजुरी करणारे. पाचवीपासून आपल्या वसतिगृहात वाढली. पदविकेला तिने उत्तम गुण मिळविले आणि एका नावाजलेल्या महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला तिला जागा मिळाली. गावात तिचा सत्कार झाला, विहारात पेढे वाटले. जानेवारीत ती घरी आली ती परत जायचे नाही म्हणूनच. गणितासह तीन विषय राहिले होते. वडील म्हणाले, "जमत नसंल तर राहू द्या, सर. डिप्लोमा झालाच हाय." त्यांचे म्हणणे मायेचे होते आणि त्यांच्या अनुभवाच्या मापाने शहाणपणाचेही. तिच्या मोठ्या वर्गबंधूने, जो त्याच वाटेने दोन वर्षे आधी गेला होता, तिला फोनवर एकच गोष्ट विचारली : "एम-वन आणि एम-टूची पुस्तकं उघडून पाहिलीस का?" तिने ती पाहिलेलीच नव्हती, ती आपल्यासाठी आहेत हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. फेब्रुवारी ते मे तिने पहिल्या वर्षाचे गणित पहिल्यापासून केले. उन्हाळी परीक्षेत दोन विषय सुटले, गणित त्यापुढच्या खेपेस. आज ती एका शासकीय विभागात कनिष्ठ अभियंता आहे आणि या स्मरणिकेत तिने जाहिरात दिली आहे. ती वाचकांनी शोधून काढू नये, अशी तिची विनंती आहे.

तिच्यात हुशारी कमी नव्हती. तिला लागणारी माहिती तिच्या घरात नव्हती, आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचे पदवीधर असतात त्यांना ती जेवताना बोलता बोलता मिळते. आपल्या समाजात हे बोलणे आता कोठे सुरू होत आहे. म्हणून ते लिहून ठेवणे अगत्याचे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण सारे वाचतो, त्यांच्या पदव्यांची यादी मुलांकडून पाठ करून घेतो. पण त्या पदव्यांमागची आखणी आपण मुलांना क्वचितच शिकवितो. कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे 29 आणि इतिहासाचे 11 अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र यांचे वेगळे. आणि त्याखेरीज प्राथमिक फ्रेंच व जर्मन. 1921 साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केला, तो जर्मन भाषेत. तरुण वयात घेतलेला एक लहानसा अभ्यासक्रम पुढच्या दारापाशी असा कामी येतो. दुसरी गोष्ट आम्हास त्याहून महत्त्वाची वाटते. 1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी मिळविली. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे व मित्राचे साहाय्य घेतले आणि मुदत संपण्याआधी, 1920 साली, ते लंडनला परत गेले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. शिक्षण थांबले तरी परतीचे दार त्यांनी लेखी उघडे ठेवले होते. आमच्या मुलाला एखाद्या वर्षी घरच्या अडचणीमुळे महाविद्यालय सोडावे लागते तेव्हा तो नुसता जाणे बंद करतो. ना अर्ज, ना सही, ना पोच. दोन वर्षांनी परत गेला की त्याचे नाव कोणत्याच वहीत नसते.

आता कागदांविषयी, कारण या वाटेवर गणिताखालोखाल मुले अडतात ती कागदांपाशी. पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्या दिवशी आपला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तो मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर अठराव्या दिवशी. म्हणजे आजोबांच्या कागदावर राज्य वेगळे आणि बहुधा धर्मही वेगळा. आजोबांच्या नोंदीत 'महार', वडिलांच्या टी.सी.वर 'हिंदू महार' किंवा 'नवबौद्ध', मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते 1990 साली. तोवरच्या चौतीस वर्षांची ओढाताण या एकेका घराच्या कागदांत दिसते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हास हे कागद मोलाचे वाटतात; मात्र जुलै महिन्यात पडताळणीच्या टेबलापुढे उभ्या असलेल्या मुलाला ते तसे वाटत नाहीत. कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेतील दाखला, वंशावळीचे शपथपत्र हे सारे पदविकेच्या दुसऱ्या वर्षीच गोळा करून समितीकडे प्रस्ताव जावा. आजोबा शाळेतच गेले नव्हते, ही अडचण तर आपल्याकडे घरोघर. तेव्हा नात्यातल्या दुसऱ्या शाखेत कोणाचे वैधता प्रमाणपत्र झाले आहे का, ते लग्नकार्यात विचारून ठेवावे. वडिलांकडच्या रक्तनात्यातील वैधता फार उपयोगी पडते.

शिष्यवृत्तीचा एक नियम मुद्दाम सांगतो, कारण तो कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती शिक्षणाची पायरी चढणाऱ्याला मिळते. एक पायरी पूर्ण करून त्याच पायरीवर दुसरा विषय घेणाऱ्याला मिळत नाही. पदविकेनंतर पदवी ही चढती पायरी आहे, तेथे हरकत नाही. परंतु पदविका झाल्यावर कोणाच्या सांगण्यावरून बारावी करण्यास परतणारा मुलगा शिष्यवृत्तीला मुकू शकतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे; त्यावर असलेल्यांना फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आणि हे सारे लाभ कॅपमधून प्रवेश घेतला तर. निकालानंतर काही गृहस्थ मोटारसायकलवरून गावोगाव फिरतात, "फेरीत कशाला अडकता, सीट पक्की करून देतो" असे सांगतात. ते संस्थास्तरावरील जागेविषयी बोलत असतात. त्या जागेचे पूर्ण शुल्क घरातून जाते, हे ते सांगत नाहीत.

गुणांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. थेट दुसऱ्या वर्षाची गुणवत्ता यादी पदविकेच्या अंतिम वर्षाच्या गुणांवर लागते. किमान अट 45 टक्के, राखीव प्रवर्गासाठी 40. पण त्या अटीवर चांगली जागा मिळत नाही. पहिल्या वर्षी अडखळलेल्या मुलाला अंतिम वर्षात सावरण्याची संधी आहे, ही या वाटेची दुसरी माणुसकी. जागा कोठून येतात तेही कळलेले बरे : मंजूर क्षमतेच्या 10 टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी अधिकच्या असतात आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांची त्यांत भर पडते. म्हणून एखाद्या महाविद्यालयात भरपूर जागा दिसल्या की आनंदण्याआधी त्या रिकाम्या का राहिल्या, ते तेथे शिकणाऱ्या आपल्याच एखाद्या मुलाला विचारावे. आता पदविकेची शाखा आणि पदवीची शाखा एकच असण्याचे बंधन राहिलेले नाही; स्थापत्याचा मुलगा संगणकाला जाऊ शकतो. जावे की नाही हा वेगळा प्रश्न आहे. गणिताचा खड्डा असताना त्यात शाखेचाही खड्डा खणणे आम्हास पसंत नाही.

आपल्या भागापुरते बोलायचे तर खामगावचे शासकीय तंत्रनिकेतन जिल्ह्यातच आहे. मुलींसाठी यवतमाळला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे, आणि वसतिगृहात वाढलेल्या आपल्या मुलींना ते मानवते. पदवीसाठी शेगाव, अमरावती, जळगाव ही अंतरे एस.टी.ची आहेत, विमानाची नव्हेत. दहावीला गुण कमी पडलेल्यांसाठी आयटीआय आहे, आणि दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, हे आपल्या शेकडा नव्वद पालकांना ठाऊक नसावे. दोन वर्षांचे आयटीआय प्रशिक्षण घेतलेला मुलगा पायऱ्यापायऱ्यांनी अभियंता होऊ शकतो. औषधनिर्माणाची पदविका करणाऱ्यालाही बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचे दार आहे. शाळाच सुटलेल्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. आपल्या विद्यालयाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका भगिनीने तो पूर्ण करून बी.ए. केले.

नव्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची बँक आणली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येईल आणि श्रेयांक जमा राहतील, असे ते सांगते. कल्पना वाईट नाही. पण बाहेर पडण्याची दारे वाढविली की त्यांतून प्रथम कोण बाहेर पडतो, हे आम्ही वसतिगृहाच्या हजेरीपटावर अनेक वर्षे पाहत आलो आहोत. परत येणाऱ्याला वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि विचारणारा शिक्षक मिळणार असेल तरच जमा श्रेयांकांना अर्थ आहे.

गेल्या काही उन्हाळ्यांपासून आपले माजी विद्यार्थी मे महिन्यात विद्यालयाच्या दोन खोल्यांत पहिल्या वर्षाच्या गणिताचा वर्ग घेतात. पदविकेच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली मुले सकाळी सहा ते नऊ बसतात. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. शिकविणारे स्वतः याच वाटेने गेलेले आहेत, त्यामुळे "हे तुम्ही केलेच आहे" असे तेथे कोणी म्हणत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाच मुले होती. मागील वर्षी एकवीस आली, त्यांतील सहा अन्य गावांची आणि अन्य समाजांची. बसायला सतरंजी कमी पडली. दुपारी एक शिक्षक त्यांचे कागद तपासतो आणि ज्याचा वैधतेचा प्रस्ताव गेलेला नाही त्याला दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला धाडतो.

या वर्गाला तीन गोष्टींची गरज आहे. एम-वन आणि एम-टूची जुनी पुस्तके व हाताने लिहिलेल्या वह्या, कारण नव्या पुस्तकांपेक्षा आपल्या मुलाने आपल्या मुलासाठी सोडविलेले गणित लवकर उमजते. विद्युत व संगणक शाखेतून गेलेल्या दोन माजी विद्यार्थिनी, ज्या मे महिन्यातील एक आठवडा देऊ शकतील. आणि दोन पंखे. पुस्तके व वह्या ग्रंथालयात जमा कराव्यात, वहीवर आपले नाव व तुकडीचे वर्ष लिहावे. पंख्यांचे कार्यालयात सांगावे.